मागे कोण राहणार

विमेवाली घरात आली तेव्हा ठिणगी नुकताच दुकानातून येऊन हातावरचा गंज घासत होता. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण गल्ली त्याला ठिणगीच म्हणायची. तो वेल्डिंगचं काम करायचा, गेट, जाळ्या, जिन्याचे कठडे. त्यामुळे हे नाव निम्मं धंद्यावरून पडलं होतं आणि निम्मं स्वभावावरून.

त्याची बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांची काजं करायची. ती विमेवालीसमोर चहा ठेवून, पदराला हात पुसत, कौतुकाने ऐकत बसली होती.

"काकू, तुमचा हप्ता काकांपेक्षा कमी बसतो," विमेवाली म्हणाली.

"का हो? माझ्यात काय कमी आहे?"

"कमी नाही, जास्त आहे. आयुष्य! बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. कंपनीकडे पक्का हिशेब असतो याचा."

मोरीतून ठिणगी ओरडला, "कुठल्या बायका?"

"सगळ्याच, काका. गरीब देश म्हणा, श्रीमंत देश म्हणा, पुरुष आधी जातात."

"कुठे जातात?"

विमेवालीने नुसतं छताकडे पाहिलं आणि हसली. ठिणगी साबणाच्या हातांनी बाहेर आला, पण तोवर बायकोने विमा घ्यायचं ठरवूनही टाकलं होतं. आयुष्यभर भाजीवालीशी घासाघीस करून तिचं तोंड दुखलं होतं, आणि इथे कुणी न मागता सूट देत होतं! असली सोन्यासारखी संधी ती सोडते होय?

त्या दिवसापासून घरात एक नवा शब्द नांदायला आला. 'तुमच्यानंतर.'

"तुमच्यानंतर ही खिडकीची जाळी काढून टाकणार मी," ती त्याला वाढता वाढता म्हणाली.

ती जाळी ठिणगीने लग्नानंतर स्वतःच्या हाताने केली होती. तिच्यात लोखंडाची कमळं होती, वेली होत्या, मधोमध एक मोर होता. मोराच्या पोटामुळे घरात ऊन येत नसे.

"किती मेहनतीची जाळी आहे ती!"

"म्हणून तर तुमच्या हयातीत हात लावत नाही."

"आणखी काय काय ठरवलंयस?"

"तुमच्यानंतर मी नि माझी बहीण समुद्र बघायला जाणार. पलंग त्या भिंतीला. आणि रेडिओ मला हवा तेवढाच मोठा."

"अगं, मी अजून जेवतोय!"

"जेवा की. मी कुठे घाई केली?"

ठिणगीने ताट बाजूला सारलं. मरणाचं त्याला विशेष काही वाटत नव्हतं. ते सगळ्यांनाच आहे. पण आपण गेल्यावर घरात एवढी सोय होणार आहे, हे काही पचेना. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात रंगाऱ्यापुढे मन मोकळं केलं. रंगारी त्याचा जुना दोस्त. ठिणगीने केलेल्या गेटांना रंग तो द्यायचा, आणि ठिणगीच्या भांडणांना हवाही तोच द्यायचा.

"यात नवल काय?" रंगारी म्हणाला. "आपल्या बिल्डिंगमध्ये बघ ना. मास्तरीणबाई एकट्या, शिंपीणकाकू एकट्या, ती ड्रायव्हरवहिनी एकटी. गच्चीवर रोज संध्याकाळी बसतात. एकटा राहिलेला बाप्या दाखव मला एक."

ठिणगीने आठवून पाहिलं. एकही सापडला नाही.

"मग मी होणार तो एक," तो म्हणाला. "तिच्यानंतर मी जगून दाखवतो की नाही बघ. लाव पैज!"

"कसा?"

"बायका कशा जगतात ते बघायचं आणि तसंच जगायचं. सोपं आहे."

रंगारी एवढा हसला की त्याच्या हातातला ब्रश गेटाऐवजी ठिणगीच्या सायकलवर फिरला.

पण ठिणगी एकदा पेटला की विझायचा नाही. त्याने गच्चीवर जायचं ठरवलं. नुसतं कसं जाणार? गच्चीचा कठडा एका कोपऱ्यात गंजला होता, त्याचं निमित्त काढलं. संध्याकाळी हातात तारेचा ब्रश घेऊन तो वर गेला आणि गंज खरवडत बसला. कान मात्र तिघींकडे.

मास्तरीणबाई निवृत्त होत्या, पण आवाज अजून वर्गातला होता. शिंपीणकाकू बोलताना ओठात सुई धरायच्या, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं एका कोपऱ्यातून यायचं. ड्रायव्हरवहिनी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त हसणारी.

दोन-तीन दिवस ठिणगीने नीट लक्ष दिलं. या बायका करतात तरी काय? तर बोलतात. गुडघा दुखला तर सांगतात. झोप लागली नाही तर सांगतात. सुनेचा राग आला तर तो सगळ्या मिळून वाटून घेतात, मग प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच येतो. ठिणगीला हे फारच हलकंफुलकं औषध वाटलं. चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"प्रश्न ऐकल्यावर ठरवीन," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुमची माणसं... म्हणजे मास्तर वगैरे... कशाने गेले?"

ड्रायव्हरवहिनीने शिंपीणकाकूंकडे पाहिलं. शिंपीणकाकूंनी ओठातली सुई काढली.

"आमचे म्हणाले, छातीत गॅस अडकलाय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सोडा प्यायले, आडवे झाले. उठले नाहीत."

"आमचाही गॅसच," शिंपीणकाकू म्हणाल्या. "मी म्हटलं डॉक्टरकडे चला. म्हणे, या वरातीचे कोट पूर्ण होऊ देत. कोट झाले. नवरदेवांनी घातलेसुद्धा."

"आमच्यांचा गॅस नव्हता," वहिनी म्हणाली. "पाठ भरून आलीय म्हणायचे, गाडी चालवून चालवून."

"म्हणजे गॅसच तो," मास्तरीणबाईंनी निकाल दिला. "पाठीमागच्या रस्त्याने आलेला."

तिघींना हसू फुटलं. एवढं, की वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ठिणगीला कळेना, हसावं की गंज खरवडावा.

"आणि शेवटचे शब्द माहितीयत का तुम्हाला?" शिंपीणकाकू म्हणाल्या. "'काही होत नाही मला.'"

"आमच्यांचेही तेच!"

"आमच्यांनी तर दोनदा म्हटलं."

ठिणगी हसायला गेला आणि सहज बोलून गेला, "मला तसं काही नाही बुवा. हां, जिना चढताना हात जरा भरून येतो. वेल्डिंगच्या रॉडचा होल्डर धरून धरून."

हसणं बंद झालं.

"कुठला हात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"हा. डावा."

"आणि होल्डर कुठल्या हातात धरता?"

ठिणगीने हवेत होल्डर धरून पाहिला. मग हळूच खाली घेतला.

"उजव्या," तो म्हणाला.

तिघी एकदम उठल्या. आयुष्यात तीन बायका एकदम आपल्यासाठी उठल्याचा ठिणगीला हा पहिलाच अनुभव होता, आणि तो काही फारसा सुखाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी त्याला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. बायकोला कारखान्याची सुट्टी होती. ठिणगी अडून बसला. "मी एकटा तपासून घेणार नाही. हिलाही तपासा. शर्यत आहे तर सरळ होऊ दे."

"माझं काय तपासायचंय?" बायको म्हणाली. "कंपनीनेच सांगितलंय ना, मी जास्त जगणार!"

तरी ती आली. मनातून तिला त्याच्या हाताची धास्ती वाटत होती. घरापासून दवाखान्यापर्यंत ती त्याच्या डाव्या बाजूने चालली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि चेहऱ्याने खूप दमलेल्या. त्यांनी ठिणगीच्या छातीला तारा लावल्या, दंडाला पट्टा गुंडाळला, फुप्फुसं ऐकली.

"सिगारेट?"

"एखादी."

"तासाला," बायकोने पुस्ती जोडली.

"रक्तदाब चांगलाच चढलाय," डॉक्टरीणबाई कागदाची पट्टी बघत म्हणाल्या. "हृदय अजून तुमच्यावर रुसलेलं नाही, पण तोंड फुगवून बसलंय. समजूत निघेल. गोळ्या रोज, सिगारेट बंद, मीठ कमी. आणि मोठ्या दवाखान्यात आणखी एक तपासणी करून घ्यायची, टाळायची नाही. वेळेवर आलात."

ठिणगीने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईही तिच्याकडेच पाहत होत्या. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. मग नखं पाहिली. मग लगेच रक्त काढायला पाठवलं.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"काकू, तुम्ही चालत आलात?"

"मग काय उडत?"

"अंगात रक्त निम्म्यावर आलंय तुमच्या. कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या."

"आणि चढता कशा?"

"थांबत थांबत," बायको म्हणाली. "प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी भेटतंच. दोन शब्द बोलते, दम खाते, पुढे जाते."

ठिणगी खुर्चीवर पुढे सरकला. "मला वाटलं तुला गप्पांची खोड आहे!"

"ती पण आहे."

मग एकेक बाहेर येत गेलं. पाळीत अंगावरून फार जात होतं, किती तरी वर्षं. 'बायकांचं चालायचंच,' म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. जेवण सगळ्यांचं झाल्यावर. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आता घरात दोघंच, तरी जेवण सगळ्यांचं झाल्यावर. म्हणजे त्याचं झाल्यावर जे उरेल ते. डॉक्टरीणबाईंनी पोटाची सोनोग्राफी केली. गर्भाशयात गाठी होत्या. वाईट जातीच्या दिसत नव्हत्या, पण त्यांनीच तिला इतकी वर्षं पोखरलं होतं.

"आधी रक्त भरायचं, मग पिशवी काढायची," त्या म्हणाल्या. "फार लांबवू नका."

ठिणगी डॉक्टरीणबाईंकडे वळला. "पण विमेवाली म्हणाली की बायका..."

"ती खरंच बोलली. बाईचं शरीर चिवट असतं. पण आपल्यासारख्या देशांत ते जादा आयुष्य तिच्या हाती पुरतं लागत नाही. कुणी बाळंतपणात जाते, कुणी अशी आतल्या आत झिजते, कुणी दुखणं पदराखाली झाकते. बऱ्याच श्रीमंत देशांत बायका पुरुषांच्या जितक्या पुढे जातात ना, तितक्या आपल्याकडे जात नाहीत. त्याचं कारण आपले पुरुष फार जपून राहतात असं नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी ठिणगीच्या खिशातून डोकावणाऱ्या सिगारेटच्या पाकिटाकडे पाहिलं.

बायको मात्र पदर सावरून उठली. "ऑपरेशन वगैरे नको बाई. कारखान्यात आता कामाचा लोंढा आहे. काही होत नाही मला."

"खबरदार!" ठिणगी एवढ्या जोरात ओरडला की बाहेरच्या बाकावरचं एक मूल रडायला लागलं. "हे वाक्य पुन्हा बोलायचं नाही! या वाक्यावर आपल्या बिल्डिंगमधले तीन बाप्ये गेलेत!"

"अहो, हळू. तुमचा रक्तदाब..."

"चुलीत गेला रक्तदाब!"

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीकडे बोट दाखवलं. तो बसला.

घरी आल्यावर ती ऐकेना म्हणजे ऐकेना. रजा मागितली तर तिच्या मशीनवर दुसरी बसेल, ही तिची खरी भीती होती, आणि ती खोटी नव्हती. ठिणगीने लाडीगोडी लावली, आवाज चढवला, जाळी काढून द्यायचं आमिषसुद्धा दाखवलं. उपयोग शून्य. शेवटी तो गच्चीवर गेला. या वेळी हातात ब्रश नव्हता.

"बाई, माझं काही चालत नाही तिच्यापुढे," तो म्हणाला. हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

"कारखान्याचा सुपरवायझर कोण?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्याने सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "तो होय! माझ्याच वर्गात होता. भागाकारात कच्चा."

दुसऱ्या दिवशी तिघी कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. आत काय बोलणं झालं ते ठिणगीला कधी कळलं नाही. सुपरवायझर बाहेर येऊन बाईंच्या पाया पडल्यासारखा वाकला, एवढंच पहारेकऱ्याने सांगितलं. पगार नाही, पण मशीन तिचंच राहील, असं ठरलं. तिचं मशीन रजेपुरतं चालवायला शिंपीणकाकू स्वतः जाणार होत्या. "काजं करायला मला काय शिकवणार हे!" म्हणाल्या.

आता बायकोकडे सबब उरली नाही. चार दिवस रक्त चढवलं, आणि मग एका सकाळी तिला स्ट्रेचरवरून आत नेलं. दार बंद होण्याआधी तिने मान वळवून त्याला सांगितलं, "गोळी घ्या. जेवणानंतरची."

ठिणगी बाहेरच्या बाकावर बसला. शेजारी मास्तरीणबाई विणकाम करत होत्या. बराच वेळ गेला. माणसं आली, गेली. ठिणगीच्या हातांना काही काम नव्हतं, त्यामुळे ते एकमेकांना चोळत बसले होते.

"बाई," तो म्हणाला, "मी पैज लावली होती रंगाऱ्याशी. हिच्यानंतर जगून दाखवीन म्हणून."

"ऐकलं मी. अख्ख्या गल्लीने ऐकलंय."

"तेव्हा असं डोळ्यांपुढे आलंच नाही, की 'हिच्यानंतर' म्हणजे ही नसताना."

मास्तरीणबाईंनी सुया थांबवल्या नाहीत. "मला सात-आठ वर्षं झाली. अजून चहाला दोन कप पाणी ठेवते. मग दुसरा कपही मीच पिते. चहा वाढला फार."

 ठिणगीने खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, बघितलं, आणि समोरून जाणाऱ्या सफाईवालीच्या डब्यात टाकलं. ती म्हणाली, "अहो दादा, भरलेलं आहे!" तो म्हणाला, "असू दे." तिने ते काढून घेतलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाकून दिलं.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळं ठीक झालं होतं. ठिणगीला हसायचं होतं, पण चेहरा भलतीकडेच गेला. मास्तरीणबाईंनी न बघता रुमाल पुढे केला.

घरी आणल्यावर स्वयंपाक ठिणगीने हातात घेतला. गॅसच्या आचेशी त्याची जुनी ओळख होती, पण भाताला तो लोखंडासारखाच वागवायचा. लाल होईपर्यंत थांबायचं, असा त्याचा अंदाज. पहिले काही दिवस शेजारणींनी डबे दिले नसते तर दोघंही विमेवालीचा हिशेब चुकवून गेले असते. हळूहळू भात पांढरा राहू लागला. पालेभाजी, डाळ, अंडी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तो करायचा. आणि एक नियम त्याने काढला, दोन ताटं एकदम वाढायची आणि दोघांनी समोरासमोर बसून एकदम जेवायचं.

बायकोला हा नियम मुळीच आवडला नाही.

"तुम्ही खाताना आवाज करता," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी आत असायची, कळलंच नव्हतं."

"आणि तू पाणी किती पितेस मध्ये मध्ये!"

"बघा हं. अजून मी तुमच्यापेक्षा जास्त जगणार आहे."

"जग की. पण आधी ती डाळ संपव."

महिना झाला, दुसरा निम्मा गेला. त्याची मोठ्या दवाखान्यातली तपासणीही झाली, गोळ्यांवर भागलं. तिच्या नखांना रंग आला, गालांना आला, आणि जिभेला तर दुप्पट आला. डॉक्टरीणबाईंनी हिंडायफिरायला परवानगी दिली, पण कामावर जायला अजून अवकाश होता. घरात बसून तिला कंटाळा आला. एके सकाळी ती ठिणगीच्या मागोमाग दुकानात गेली आणि स्टूल ओढून बसली. एवढ्या वर्षांत ती दुकानात डबा द्यायला यायची, दारातूनच परत जायची. आता ती सगळं निरखून पाहू लागली.

"हे मला करून बघायचंय," ती म्हणाली.

रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला. "वहिनी, हे काजं करण्यासारखं नाही."

"का? दोन तुकडे, एक सरळ रेघ, हात हलता कामा नये. मी दुसरं काय करते दिवसभर?"

 ठिणगीने दोन भंगार पट्ट्या जोडून चिमट्यात पकडल्या, तिला मोजे दिले, चेहऱ्यापुढे काळ्या काचेचा मुखवटा धरायला शिकवलं, आणि होल्डर तिच्या उजव्या हातात दिला.

"रॉड टेकवायचा आणि लगेच किंचित उचलायचा. चिकटला तर घाबरायचं नाही, झटका द्यायचा."

रॉड चिकटला. तिने झटका दिला. परत चिकटला. तिसऱ्यांदा चरचर आवाज झाला, निळा उजेड पडला आणि ठिणग्या उडाल्या. ती किंचाळली, पण हात हलवला नाही.

मुखवटा काढून तिने जोड पाहिला. वाटाणे सांडल्यासारखा दिसत होता.

रंगारी पुढे वाकला. "यावर रंग चढायला दोन डबे लागतील," तो म्हणाला.

ठिणगीने हातोडीने वरचा मळ झाडला, पट्टी हातात घेऊन वाकवून पाहिली. पट्टी वाकली. जोड तुटला नाही.

"धरलाय," तो म्हणाला. "वाकडा आहे, पण धरलाय."

"मग द्या दुसरा रॉड," ती म्हणाली, आणि तिने मुखवटा पुन्हा चेहऱ्यापुढे धरला. "आणि तुम्ही जरा मागे सरा. उजेड अडवताय."